पाठ दाखवणारा ओव्हन

मी एक जुना ओव्हन आहे. टेबलावर ठेवतात तसला सुटा नाही, मित्रांनो. मी भिंतीतला ओव्हन. स्वयंपाकघराच्या भिंतीत कपाट असतं, त्या कपाटाच्या एका खणात मला बसवलेलं असतं आणि बाहेर फक्त माझं तोंड दिसतं. वर दोन गोल बटणं, खाली काचेचं दार, भोवती स्टीलची चौकट. बाकी सगळा मी भिंतीआड.

सध्या मात्र मी एका वायरमनच्या दुकानात उभा आहे, आणि तोही भिंतीकडे तोंड करून. आल्यागेल्याला माझी पाठ दिसते. आपल्या भाषेत पाठ दाखवणं म्हणजे रण सोडून पळणं. मी कुठेही पळालेलो नाही. एकतीस वर्षं एका खणात स्क्रूने आवळलेला होतो, पळणार कुठे? तरी मला असं का उभं केलंय ते सांगायचं, तर मला बसलेले धक्के एकामागून एक सांगावे लागतील. त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. सांगताना मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची पेटी, आतून गुळगुळीत काळा मुलामा, पत्र्यांच्या मधे कापसासारखं जाड अस्तर. सगळं जोडून झाल्यावर एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझं दार सतरा वेळा उघडलं आणि सतरा वेळा लावलं. मग मान डोलावून त्यांनी माझ्यावर 'पास' असा गोल शिक्का मारला, पण कुठे, तर पाठीवर! मला फार वाईट वाटलं. एवढी शाबासकी मिळाली आणि ती कुणाला दिसणार नाही अशा जागी.

मी ज्या घरी आलो ते घर भाऊंचं. भाऊंचा धंदा चौकटी करण्याचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. फोटो, चित्रं, आरसे, परीक्षेची प्रमाणपत्रं, कुणी काहीही आणावं, भाऊ त्याला लाकडी पट्ट्यांची चौकट करून देत. माप असं घेत की सुताचा फरक पडायचा नाही. पण या धंद्याने त्यांना एक खोड लावली होती. कुठल्याही वस्तूची कडा उघडी राहिलेली त्यांना बघवत नसे. घरातल्या कॅलेंडरला चौकट होती, विजेच्या मीटरला चौकट होती. एकदा तर त्यांनी भिंतीला गेलेल्या भेगेला चौकट केली, आणि पाहुणे ते चित्र समजून कौतुक करून गेले.

घर भाऊंचं असलं तरी मी आलो होतो त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला सगळी गल्ली आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. ती शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर 'राहून गेलं' म्हणायची, दूध आणायचं राहून गेल्यासारखं. भाजायची तिला भारी हौस. भाऊंची बायको, म्हणजे वहिनी, स्वयंपाकाला खमकी, पण माझ्या वाटेला जात नसे. 'ते तुमचं यंत्र तुम्हालाच लखलाभ,' असं ती आत्याला हसत म्हणायची. त्या घरात सगळं सगळ्यांचं होतं. मी तेवढा एकट्या आत्याचा होतो.

मला बसवलं ते एका तरुण सुताराने. त्याने माझ्या मागे चार बोटं जागा सोडली आणि माझ्या पायाशी, खालच्या फळीत, एक आडवी फट ठेवली. भाऊंनी विचारलं, "ही फट कशाला?"

"याला श्वास घ्यायला," सुतार म्हणाला.

भाऊंनी मान हलवली. पण जाता-येता त्यांची नजर त्या फटीवर जायची. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माझ्यात एक खोट होती, ती लपवत नाही. माझ्या बटणावरचा आकडा आणि माझ्या पोटातली आच यांचा मेळ नव्हता. मी बोलायचो जास्त आणि तापायचो कमी. आत्याने हे तिसऱ्याच पावाला ओळखलं. "ह्याचे आकडे थापा मारतात," ती म्हणाली, आणि वहिनीची नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. मग तिने आकडे सोडून दिले. जिथे पाव बरोबर भाजला जायचा तिथे बटणाच्या कडेला तिने लाल थेंब सोडला, वाळल्यावर त्यावर आणखी एक, मग आणखी एक, असा चांगला फुगीर टिपका केला. बिस्किटांना दोन टिपके, केकला तीन. माझं बटण फिरताना टक् टक् वाजायचं. अंगठ्याला टिपका लागला आणि टक् झालं की आत्याचं काम झालं.

दर बुधवारी ती गल्लीसाठी पाव करायची. आठ घरं आपापली कापडी पिशवी आमच्या फाटकाला अडकवून जात आणि संध्याकाळी भरलेली घेऊन जात. माझ्या दाराच्या काचेतून मला समोरची खिडकी दिसायची आणि खिडकीतून फाटकावरच्या त्या पिशव्या. बुधवार म्हटला की मी सकाळपासूनच ताठ व्हायचो.

अशी पंचवीस वर्षं गेली. मग एके दिवशी माझ्या पायाच्या फटीतून एक झुरळ बाहेर आलं आणि थेट वहिनीच्या पावलावरून गेलं. वहिनीने घर डोक्यावर घेतलं. भाऊंना मात्र आतून आनंदच झाला असावा, कारण ते त्याच दुपारी दुकानातून पुठ्ठा आणि सोनेरी पट्टी घेऊन आले. चित्राच्या मागे लावतात तो जाड पुठ्ठा दुमडून त्यांनी फटीत ठासून भरला. वरून पानांची नक्षी असलेली सोनेरी पट्टी ठोकली, फटीवर आणि मग माझ्या चारही बाजूंनी. कोपरे असे जुळवले की सांधा सापडू नये.

मित्रांनो, मी काय दिसत होतो! जो येईल तो म्हणायचा, "हा ओव्हन आहे की तसबीर?" भाऊ दाराशी उभे राहून मान तिरकी करून माझ्याकडे बघत. मी फुगलो होतो. त्या दिवसापासून माझ्या पाठीत एक ऊब राहू लागली. काम संपलं तरी ती लवकर जात नसे. मला वाटलं, कौतुकाची असेल.

दोन वर्षांपूर्वी आत्याची नजर गेली. पूर्ण नाही. कडेचं दिसे, पण समोर बघितलं की मधोमध धुकं. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. पुस्तक सुटलं, शिवण सुटलं. पाव सुटला नाही, कारण पावाला तिला डोळे लागतच नव्हते. पीठ हाताला कळायचं, आच टिपक्याला कळायची, आणि भाजलेल्या पावाच्या पाठीवर बोटाने ठोकलं की आवाजावरून कळायचं. एवढी एकच गोष्ट तिची तिला करता येत होती. तीही सुटली असती तर आत्याकडे दिवसभर बसून राहण्यापलीकडे काही उरलं नसतं. हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

आणि मग, गेल्या वर्षी, घरात जळका वास येऊ लागला.

पहिल्यांदा वहिनी धावत आली. "ताई, काही जळतंय का हो?" आत्याने माझं दार उघडलं, वाकून वास घेतला, पावाला हात लावला. "मला तर ठीक वाटतंय," ती म्हणाली. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. मग भाऊ म्हणू लागले, "ताई, जरा लक्ष ठेव. तुला दिसत नाही, मग राहून जातं." त्यात राग नव्हता, काळजीच होती, पण दर आठवड्याला ऐकावी लागणारी काळजी माणसाला खाली बघायला लावते. हळूहळू आत्याने 'ठीक वाटतंय' म्हणणं सोडलं. वास आला की ती घाईने पाव बाहेर काढायची. पांढरा, मधे ओला, कच्चा पाव. बोटाने ठोकून बघायचंही तिने बंद केलं.

फाटकावरच्या पिशव्या आठाच्या सहा झाल्या, मग तीन. कुणी वाईट बोललं नाही. पिशव्या येईनाशा झाल्या एवढंच.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मीही तिलाच दोष देत होतो. माझ्या पोटात काही जळत नव्हतं हे मला दिसत होतं, तरी घरातले सगळे म्हणतात म्हणजे असेल, असं मी धरून चाललो.

पहिला धक्का मला बसला तो एका रविवारी. जेवणं झाल्यावर भाऊ आणि वहिनी माझ्यासमोरच्या टेबलाशी बसले आणि माझ्या देखत, आवाजही न उतरवता, माझ्या जागी कोण आणायचं ते ठरवू लागले. एकतीस वर्षांत माझ्या पाठीमागे कुणी काही बोललं असेल तर ते भिंतच जाणे, पण हे तोंडावर चाललं होतं.

"ताईंच्या जिवावर बेतलं तर काय करायचं?" वहिनी म्हणाली. "असा घ्या की जो आपला आपण बंद होईल."

भाऊंनी मोबाइलवर एक शोधून काढला. काळ्या काचेचा, चकचकीत. तो स्वतः वेळ मोजतो, स्वतः बंद होतो, चुकलं तर शिट्टी मारतो. आत्या तिथेच मटार सोलत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, "त्याला बटणं असतील ना?"

"अगं, हल्ली सगळं नुसत्या बोटाने होतं," भाऊ म्हणाले.

बोटाने होतं म्हटल्यावर आत्या निश्चिंत झाली. तिचंही सगळं बोटानेच होत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याने नुसतं 'चौकटीचं माप' मागितलं. चौकट म्हटल्यावर भाऊंना आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. त्यांनी टेप काढली आणि माझ्या स्टीलच्या चौकटीचं माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घेतलं. "सव्वीस इंच आणि वर एक सूत," ते फोनवर ऐटीत म्हणाले. मीसुद्धा श्वास रोखून स्थिर उभा राहिलो. स्वतःच्या हकालपट्टीचं माप देताना ताठ उभा राहणारा मूर्ख मीच.

नवा ओव्हन आला त्या सकाळी भाऊंनी माझी सोनेरी पट्टी हलक्या हाताने सोडवून घेतली. ती नव्याला लावायची होती. मग दोन माणसांनी मेन स्विच बंद केला, माझे स्क्रू काढले आणि मला बाहेर ओढलं. माझी वायर सोडवावी लागलीच नाही. ती वाळक्या काडीसारखी आपोआप तुटली. ती माणसं ओझी उचलणारी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. एकतीस वर्षांनी माझ्या पाठीला वारा लागला आणि मला हुडहुडी भरली.

मग त्यांनी नवा ओव्हन उचलून खणाशी लावला. तो आत जाईना. तिरका करून बघितला, खालून रेटला, वरून दाबला. जवळजवळ दोन इंच जास्त होता तो.

"माप चुकणं शक्य नाही," भाऊ म्हणाले. "आयुष्य गेलं माझं मापं घेण्यात." त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"चौकट म्हणजे कपाटाची हो," दुकानदाराचा आवाज सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू आला. "ओव्हन ज्यात बसतो ती. तुम्ही ओव्हनची दिलीत का?"

भाऊ खुर्चीवर मटकन बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो, चौकटीचं नको, चित्राचं माप आणा."

माणसं दोन्ही ओव्हन जमिनीवर ठेवून निघून गेली. तेव्हा आत्या आली. ती नव्यासमोर खाली बसली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा वरून खाली. गुळगुळीत काच. कुठे उंचवटा नाही, कुठे कडा नाही.

"ह्याची बटणं कुठेयत?" तिने विचारलं.

"ताई, काचेवर दिवे लागतात," वहिनी म्हणाली. "त्या दिव्यांवर बोट टेकवायचं."

"दिवे दिसले तर ना," आत्या म्हणाली.

काचेवर आपल्या बोटांचे ठसे उमटले असतील म्हणून आत्याने ती काच बाहीने पुसून काढली आणि उठून आपल्या खोलीत गेली. मी सुन्न झालो होतो. तिच्यासाठी म्हणून आणलेली वस्तू, आणि या घरात ती वापरू न शकणारं माणूस एकच, तेही तीच.

भाऊ मात्र हट्टाला पेटले होते. ओव्हन मोठा आहे तर खण मोठा करून घेऊ, असं म्हणून त्यांनी सुताराला बोलावलं. मला बसवणाराच सुतार, आता केस पिकलेला. त्याने खणात डोकं घातलं, हात घातला, आणि हात बाहेर काढला तेव्हा तळवा काळाकुट्ट होता. तो हाताकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने माझ्या पायाची जागा चाचपली.

"मी इथे फट ठेवली होती," तो म्हणाला. "ती कुठे गेली?"

त्याने पटाशी घालून पुठ्ठा बाहेर ओढला. तो करपून तपकिरी झाला होता आणि हातात येताच त्याचे तुकडे पडले. मागची फळी तर फळी राहिलीच नव्हती. बोट लावलं तिथे कोळसा गळत होता.

सुताराने हत्यारं पिशवीत परत भरली. "आधी वायरमनला बोलवा. तो बघेपर्यंत मी इथे हात लावत नाही."

वायरमन आला, तोच हा, ज्याच्या दुकानात मी उभा आहे. त्याने बॅटरीचा झोत खणात टाकला, मग माझ्या पाठीवर. तोपर्यंत मी कधी माझी पाठ पाहिली नव्हती. समोरच्या नव्या ओव्हनच्या काचेत मला ती त्या क्षणी दिसली. वायरच्या जागेपासून वरपर्यंत काळा ओघळ गेला होता. पत्रा निळा पडला होता. तपासनीस बाईंचा शिक्का अर्धा जळून गेला होता. माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. मला पाय नाहीत, तरी ती सरकली.

"याला हवाच मिळत नव्हती," वायरमन म्हणाला. "आच बाहेर जायला वाट नाही, म्हणून मागच्या मागे वायर भाजली आणि फळी भाजली. आणखी काही दिवस चाललं असतं तर भिंतीआड पेट घेतला असता आणि तुम्हाला कळायच्या आत वरपर्यंत गेला असता." मग त्याने फळीचा एक ढलपा तोडला, नाकाशी धरला आणि वहिनीपुढे केला. "घरात असा वास यायचा का हो?"

वहिनीने वास घेतला. "हाच," ती म्हणाली. "वर्षभर हाच येतोय."

आत्या दारात येऊन उभी होती. "बघू," म्हणत तिने हात पुढे केला. वायरमनने तो ढलपा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"म्हणजे माझं जळत नव्हतं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी आच सोसलेली आहे, पण त्या वाक्याने मला जसं भाजलं तसं कशानेच भाजलं नव्हतं. वास माझा होता. ज्या पट्टीवर मी मिरवत होतो तिनेच माझा गळा दाबला होता. आणि माझ्या पाठीचा आळ मी वर्षभर एका बाईच्या हातांवर येऊ दिला, जे हात एकदाही चुकले नव्हते. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पाठ आपलीच असली तरी आपल्याला दिसत नाही. पण तिच्या बाजूने शंका घ्यायला पाठ दिसावी लागत नव्हती. माझ्या पोटातला पाव जळलेला नाही, हे मला दिसतच होतं.

भाऊ खणासमोर उभे होते. सोनेरी पट्टी अजून त्यांच्या हातात होती. "ओव्हनच नको," ते म्हणाले. "जुना नको, नवा नको. सगळ्यांचा जीव गेला असता. सुताराला सांगून खण बुजवून टाकू. फळ्या मारून डबे ठेवू तिथे."

मला वाटलं, आत्या नेहमीसारखी मान खाली घालेल. तिने घातली नाही.

"वर्षभर मी कच्चा पाव काढला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या हाताला कळत होतं की झालेला नाही. तरी काढला, कारण तुम्ही दोघं म्हणत होतात जळतंय. डोळे तुमचे चांगले, म्हणून माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडाला. लोकांनी पिशव्या पाठवणं बंद केलं. आता कळलं की माझं काही चुकत नव्हतं, तर शिक्षा पुन्हा मलाच?"

"ताई, मी घाबरलोय गं," भाऊ म्हणाले.

"घाबर. पण भाऊ, तू फट बुजवलीस. आता खण बुजवू नकोस."

भाऊंनी पट्टी टेबलावर ठेवली आणि डोळ्यांवर हात घेतला. वहिनी आत्याजवळ गेली. तिने आत्याच्या तळहातावरचा कोळसा आपल्या पदराने पुसला आणि पुसतच राहिली. शेवटी वायरमनच म्हणाला, "वायर नवीन घालतो, फळी नवी बसवा, फट उघडी ठेवा. मग भीती कसली? फक्त ओव्हन निवडताना ज्याला वापरायचाय त्याला सोबत न्या."

काचेचा ओव्हन परत गेला. मला उचलून गॅलरीत ठेवलं, तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. मग आत्याला घेऊन सगळे ओव्हनच्या दुकानात गेले; तिथे काय झालं ते मी वहिनीच्या तोंडून ऐकलं. या वेळी भाऊंनी खणाचं माप आतून घेतलं होतं, वर, मधे आणि खाली. शिवाय खोली, आणि मागे सोडायची चार बोटं वेगळी. दुकानदाराने 'चौकट' म्हणायला तोंड उघडलं तर भाऊ म्हणाले, "ते नाव काढू नका." आत्याने एकेका ओव्हनपुढे उभं राहून डोळे मिटले आणि फक्त हात लावला. एकाचं बटण नुसतं गरगर फिरायचं. दुसऱ्याचं दाबलं की आत जाऊन बसायचं आणि सापडायचंच नाही. तिसऱ्याचं दार इतकं जड की एका हाताने उघडेना. दुकानदार कंटाळला. शेवटी कोपऱ्यातल्या एकाचं बटण फिरलं आणि टक् झालं. आत्याने पुन्हा फिरवलं. टक्.

"अहो, तो अगदी साधा आहे," दुकानदार म्हणाला. "त्यात काहीच नाही."

"मला लागतं ते आहे," आत्या म्हणाली.

नवा बसला. माझ्या खणात दुसरा कुणी बसलेला बघताना काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगू? त्याच्या पायाशी नवी फट होती, उघडी, ओबडधोबड कडांची. भाऊ तिच्यासमोर उभे राहिले, मान तिरकी केली, आणि तसेच बाहेर निघून गेले. नव्याचे आकडे माझ्यासारखे थापाडे नव्हते, त्यामुळे जुने टिपके कामाचे नव्हते. आत्याला सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं. पहिला पाव करपला, खरोखर करपला. तिने तो हातात घेऊन ठोकला, हुंगला, आणि म्हणाली, "हा माझा. हा मी जाळला." ती चक्क खूश होती. तिसरा पाव बरोबर झाला, तेव्हा वहिनीने स्वतः नेलपॉलिशची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

त्या बुधवारी सकाळी वहिनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आली. काय म्हणाली ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. "पाव कच्चे येत होते ते ताईंमुळे नाही, आमच्यामुळे," एवढंच ती सगळीकडे सांगत होती. दुपारी मी गॅलरीतून फाटकाकडे बघितलं. आठ पिशव्या होत्या.

मी भंगारात जाणार होतो. पण वायरमनने भाऊंकडे मला मागून घेतलं आणि दुकानात असं पाठमोरं उभं केलं. कुणी नवं यंत्र बसवायला बोलवायला आलं की तो आधी माझी पाठ दाखवतो. माझ्या डोक्यावर एक पाटी आहे. ती भाऊंनी लिहून दिली. 'आधी मागे बघा.' साध्या पुठ्ठ्यावर, काळ्या अक्षरांत, कडा उघड्या. भाऊंनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी बिनचौकटीचं कुणाच्या हाती दिलं असेल.

मागच्या आठवड्यात आत्या आली होती, वायरमनला पाव द्यायला. तिने विचारलं, "आमचा कुठेय?" त्याने तिचा हात धरून माझ्याजवळ आणलं. तिने भिंत आणि मी यांच्यामधल्या जागेत हात घातला, अंगठ्याने टिपका शोधला आणि बटण फिरवलं. टक्. माझ्यात आता वीज नाही. तरी मला बुधवार असल्यासारखं वाटलं. मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. जळका ओघळ, निळा पडलेला पत्रा, आणि शेवटी बोटाला लागणारी शिक्क्याची जाड शाई.

"इथे काय लिहिलंय रे?" तिने विचारलं.

वायरमनने वाकून बघितलं. "अर्धं जळलंय, आत्या. पण 'पास' असं असावं."

आत्या हसली. तिने त्या शिक्क्यावर तळहात ठेवला, वर्षभर ज्या हातावर कुणाचा विश्वास नव्हता तोच हात. "असणारच," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी भिंतीला पाठ लावून काम करत असेल. त्याचं तोंड पुसता तशी वर्षातून एकदा त्याची पाठही बघा, आणि त्याच्या श्वासाची वाट कितीही कुरूप दिसली तरी सजवू नका. आणि घरात कधी जळका वास आला, तर जिच्या हातात काम आहे तिच्याकडे बोट दाखवण्याआधी ते बोट माझ्या मागे घालून बघा. मी पळालेलो नाही. तुम्ही बघावी म्हणून पाठ दाखवून उभा आहे.